कोंडाजीमामांचा पफ

पळसदरीच्या कोंडाजी ठोंबऱ्यांनी रिटायर झाल्यावर काय करावं, याबद्दल गावात सूचनांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं कोंबड्या पाळा. कुणी म्हणालं धरणाकडच्या तुकड्यावर मुंबईच्या लोकांसाठी तंबू टाका. शेजारचा गोमा तर म्हणाला, "सरपंचाला उभा राहा. पडलास तरी टाईम जाईल." पण मामांनी बायकांच्या वेण्या घालायला शिकावं, असं मात्र एकाही शहाण्याने सुचवलं नव्हतं. ते डोकं मामांचं स्वतःचं.

म्हणजे डोकं मामांचं, पण केस भाचीचे. आणि खरी अडचण अशी, की केसच नव्हते.

सुरभी ही मामांच्या धाकट्या बहिणीची, कळंबच्या आनंदीबाईंची मुलगी. जूनमध्ये तिचं लग्न शिळफाट्याच्या स्वप्नीलशी ठरलं, मुहूर्त माघातला निघाला, आणि श्रावणात तिला टायफॉईड झाला. टायफॉईड महिन्याभरात गेला, पण जाताना केस घेऊन गेला. दिवाळीत ती मामाकडे आली तेव्हा डोक्याला स्कार्फ होता. मामांना वाटलं फॅशन असेल. तिने स्वयंपाकघरात जाऊन स्कार्फ सोडला आणि मामांच्या हातातला चहाचा कप बशीत कलंडला. कानामागून कवटी दिसावी इतके विरळ केस, आणि टाळूवर तर नुसती आठवण.

"येतील गं परत," जयवंतामामी म्हणाली. "डॉक्टर काय म्हणतो?"

"येतील म्हणतो. पण माघात नाय येणार ना, मामी." सुरभीने ओढणीने डोळे पुसले. "पाचशे माणसं येणार. सगळी डोक्याकडं बघणार. मला त्या दिवशी कुणी बिचारी म्हणायला नको, एवढंच."

"मग कर्जतची ती पार्लरवाली हाय ना, ती झाकून देईल."

"तिच्याकडं? मेले तरी नाय!"

यात तिचं चुकलं नव्हतं. त्या बाईच्या हाताखाली दुपारी डोकं दिलं, तर त्यातल्या उवांचा आकडा संध्याकाळपर्यंत अख्ख्या तालुक्याला कळत असे.

आता इथे मामांनी गप्प बसायला हवं होतं. पण सुरभी पाचवी ते सातवी त्यांच्याच घरी शिकली होती. मामी सकाळी अंगणवाडीत जायची, म्हणून तीन वर्षं तिच्या वेण्या मामांनी घातल्या होत्या. त्या वेण्यांची कीर्ती अजून टिकून होती. मामा दावं वळायच्या हाताने वेणी वळायचे, त्यामुळे पोरीचे डोळे शाळा सुटेपर्यंत तिरपे राहायचे आणि संध्याकाळी वेणी सोडायला दोघं लागायची. पण लाल रिबिनीचं फूल कधी ढळलं नाही. तो अभिमान मामांच्या छातीत एकदम उसळून आला.

"कुणाचे पाय धरायला नकोत. तुझं डोकं मी करीन," मामा म्हणाले. "शिकतो. त्यात काय एवढं?"

मामीने कपाळाला हात लावला. सुरभी मात्र हसली, पोरगी दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली, आणि तिथे मामांचे परतीचे दोर कापले गेले.

खोपोलीत शिळफाट्याच्या वरच्या अंगाला महिलांसाठी एक मोफत वर्ग चालायचा. एक खोली, आठ खुर्च्या, भिंतभर आरसा आणि टेबलामागे अक्षदा नावाची चोवीस वर्षांची मुलगी. फॉर्म तीच घ्यायची आणि शिकवायचीही तीच. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स घेऊन गेले. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस. कागदात आपल्याला कोण अडवणार, हा त्यांचा विश्वास.

अक्षदाने कागद वरपासून खालपर्यंत पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "काका, फोटोची मागची बाजू निळी पायजे. उद्या या."

दुसऱ्या दिवशी निळी बाजू नेली, तर रहिवासी दाखला जुना निघाला. तिसऱ्या दिवशी दाखला ताजा होता, तर सर्व्हर बंद. चौथ्या दिवशी सर्व्हर चालू झाला आणि लक्षात आलं की 'पुरुष' निवडलं की पुढचं पानच उघडत नाही.

"मग आता काय करायचं?" मामांनी विचारलं.

"वर विचारते. उद्या या."

हे 'उद्या या' मामांच्या ओळखीचं होतं. आवाज न चढवता, मान वर न करता, समोरच्याला राग यायच्या आत पुढच्या माणसाचा कागद ओढायचा. आयुष्यभर त्यांनी ते इतक्या लोकांना ऐकवलं होतं, पण टेबलाच्या या बाजूने ते कसं लागतं हे त्यांना माहीतच नव्हतं. मामांचा संताप झाला, आणि खरं सांगायचं तर पोरीबद्दल थोडा आदरही वाटला.

पाचव्या दिवशी अक्षदानेच तोड काढली. नाव काकूंचं घालायचं. काकूंनी वर्गात येऊन बसायचं. काका सोबत आले तर सोबतीला हरकत घेणारा नियम कुठे नाही. अशा रीतीने जयवंता कोंडाजी ठोंबरे यांचा केशरचनेच्या वर्गात रीतसर प्रवेश झाला, आणि कोंडाजी ठोंबरे तिच्या पर्ससकट सोबत आले.

महिनाभर रोज दुपारी ही वरात स्कूटरवरून खोपोलीला जायची. मामी खुर्चीत बसून लसूण सोलायची, मामा तिच्यामागे उभे राहून तिच्याच केसांवर शिकायचे. बाकीच्या सात बायका पहिले दोन दिवस पदरात तोंड घालून हसल्या. तिसऱ्या दिवशी मामांची सागरवेणी बघायला जवळ आल्या, कारण वळण्यात त्यांचा हात खरंच होता. खजुरी वेणी त्यांना दोन दिवसांत आली. पाचपेडी एका दुपारीत.

अडलं ते पफवर. म्हणजे केस मुळाकडे उलटे विंचरून फुगवायचे, खाली जाळीचा काळा गोळा ठेवायचा आणि वरून चार केस असे गुळगुळीत बसवायचे, की बघणाऱ्याला वाटावं काय दाट केस आहेत हो पोरीचे! मामांचा हात आयुष्यभर आवळण्यात गेलेला. फुगवणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

"काका, केसांचा गठ्ठा बांधताय तुमी. हलकं घ्या. केसांत हवा राहू द्या," अक्षदा रोज सांगायची.

"अवो, हवा राहू द्या म्हणते ती," मामी लसणातून मान वर न करता म्हणायची. "माझा मेंदू बाहेर यायचा राहिलाय."

घरी सरावाला मामीने डोकं द्यायचं साफ नाकारलं. मग मामांनी भाताच्या पेंढ्याच्या जुड्या खिडकीच्या गजाला टांगल्या आणि त्यांच्यावर सराव सुरू केला. पेंढ्याला काय, ओढलं तरी तो बोंबलत नाही. एका दुपारी मामांनी सलग चार पफ असे उतरवले, की त्यांना स्वतःचीच दृष्ट काढावीशी वाटली. मोबाईल आणायला ते आत गेले. परत येतात तो गोमाची म्हैस बाहेरून खिडकीत तोंड घालून तिसरा पफ संपवत होती. मागे दोरी धरून गोमा उभा.

गोमाने पेंढा पाहिला. मामांच्या हातातला कंगवा पाहिला. तोंडातल्या पिना पाहिल्या.

"कोंडाजी," तो हळूच म्हणाला, "बरं हाय ना रं तुला?"

इथून मामांच्या अब्रूचे दिवस भरले. कारण सांगता येईना. खरं सांगावं तर भाचीचं गुपित फुटतं, आणि खोटं सुचेपर्यंत गोमा नाक्यावर पोचलेला असतो. संध्याकाळपर्यंत गावात तीन मतं तयार झाली. रिटायर झाल्यामुळे मामांच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे पहिलं. मामा पार्लर काढतायत, हे दुसरं. तिसरं मत बाहुल्या आणि लिंबू-मिरचीपर्यंत जाणारं होतं, ते सोडून देऊ. दुसऱ्या मताच्या चार बायका सकाळीच फणी घेऊन ओट्यावर येऊन बसल्या. गोमाने वडाच्या पारंब्या आणून दिल्या. "तेलात उकळून लाव. कुणाचे केस वाढवायचेत ते नको सांगूस," म्हणाला. चौतीस वर्षं ज्याच्या सहीसाठी लोक ताटकळत उभे राहिले, त्या माणसाला पोरं 'पफमामा' म्हणून हाक मारू लागली.

मामा दोन दिवस जेवले नाहीत नीट. "सांगून टाका ना काहीतरी," मामी म्हणाली.

"काय सांगू? हसूदे मला. मला हसतात तवर तिला नाय हसत," मामा म्हणाले आणि पेंढ्याची नवी जुडी टांगली.

माघ आला. कळंबला मांडव पडला. मामांनी हळदीच्या आदल्या दिवशी आनंदीबाईंना बजावून ठेवलं होतं, "आनंदी, काय वाटेल ते कर, पोरीच्या डोक्याला तेल लागता कामा नये. तेल लागलं की पफ बसला."

आनंदीबाई मान हलवत होत्या, पण हळदीला आनंदीबाईंना विचारतो कोण? दुपारी पाच सुवासिनी पुढे झाल्या, आंब्याच्या पानांनी पायाला, गुडघ्याला, खांद्याला तेल लावलं आणि शेवटी डोक्याला. तेवढ्याने भागलंही असतं. पण सुरभीची चुलत आजी गौराबाई हिला पानाने तेल लावणं म्हणजे कंजूसपणा वाटला. तिने वाटीच उचलली.

"तेल नको!" मामा मांडवाच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडले. ढोलकी थांबली.

"तेल नको म्हंजे?" गौराबाई कडाडली. "नवरी हाय का भिंत हाय? मामा असून असं बोलवतं कसं तुला?"

कारण विचारलं जात होतं आणि कारण तर सांगायचं नव्हतं. मामा नुसतेच हात वर करून उभे राहिले. गौराबाईने त्यांच्याकडे बघत बघत अख्खी वाटी सुरभीच्या डोक्यावर, पदरावरून, रिकामी केली. वर बोटांनी जिरवली. बिचारीचा पदर डोक्याला चिकटला आणि मामांना डोक्याचा खरा आकार दिसला. सुरभीने खालूनच त्यांच्याकडे पाहिलं. 

लग्न दुसऱ्या दिवशी अकराचं. सकाळी सहाला मामा, मामी, आनंदीबाई आणि सुरभी आतल्या खोलीत कडी लावून बसली. केस तीनदा धुतले. तरी ते आपले टाळूला चिकटून. मामांनी अक्षदाला फोन लावला.

"काका, घाबरू नका," ती म्हणाली. "कोरडी पूड लावा, तेल ओढून घेईल. मग झटका."

पूड म्हटल्यावर मामी भाकरीसाठी आणलेलं तांदळाचं पीठ घेऊन आली. पिठाने काम चोख केलं, तेल ओढलं. पण पोरगी आरशात साठ वर्षांची दिसायला लागली. सुरभी आधी हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग तासभर पीठ झटकणं. पावणेनऊला केस एकदाचे मोकळे, कोरडे, भुरभुरीत झाले आणि मामा म्हणाले, "आण गं तो जाळीचा गोळा."

गोळा न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवला होता. तो तिथे नव्हता. मामी मागच्या दारी गेली, तर भांडी घासायला आलेली बाई त्याच गोळ्याने हळदीचं पातेलं घासत होती. "चांगली घासणी हाय, वैनी," ती म्हणाली. "कुठं मिळाली?" काळा गोळा पिवळा होऊन फाटला होता.

मामा खाटेवर मटकन बसले. महिनाभराची मेहनत, म्हशीने खाल्लेले पफ, गावाचं हसणं, सगळं डोळ्यांपुढे आलं. "माझं चुकलं, सुरभे," ते म्हणाले. "उगाच बोलून बसलो. त्या पार्लरवालीलाच बोलवूया." 

 आनंदीबाई उठल्या, लोखंडी कपाट उघडलं आणि साड्यांच्या खालून एक कापडी पिशवी काढली. पिशवीत केस होते. बोटाला गुंडाळून, नीट वळून ठेवलेली गुंतवळं. काळीभोर.

"केसांवर भांडी देणारी आलेली दारावर," आनंदीबाई म्हणाल्या. "मोठा टोप देते म्हणाली. माझा हातच होईना रं दादा. रोज सकाळी उशीवर पडलेले असायचे, मी उचलून ठेवायचे. हिला नाय दाखवले कधी."

सुरभीने पिशवीत हात घातला आणि आईकडे बघत राहिली. मामीने पदर डोळ्यांना लावला. मामांनी मात्र चष्मा लावला, कारण नऊ वाजून गेले होते.

मामीच्या अंबाड्याच्या जाळीत ती गुंतवळं भरली. अलगद, दाबली नाहीत. मुळाकडे उलटं विंचरलं, गोळा बसवला, वरून तिचेच उरलेले केस एकेक करून फिरवले. खाली गंगावन जोडून खजुरी वेणी सोडली, मोगरा माळला. मामांनी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न आवळता बांधलं. सुरभीने आरशात पाहिलं.

"मामा," ती म्हणाली, "मीच दिसते रे."

आता इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण मुंडावळ्या राहिल्या होत्या. भटजींनी त्या सगळ्यांना बांधतात तशा नवरीला बांधल्या, म्हणजे कचकन. गाठ मारली ती थेट पफच्या पायावर. भटजी म्हणाले, "मामा, मुलीला आणा." मामांनी सुरभीला धरून अंतरपाटापाशी आणलं आणि रीतीप्रमाणे तिच्या पाठीशी उभे राहिले. समोर नजर गेली तर पफ डावीकडे कलला होता. पहिल्या 'सावधान'ला अक्षता आल्या, त्याने तो आणखी बोटभर सरकला. वेणीसकट सगळं मागे यायला लागलं.

मामांनी उजवा हात उचलला आणि सुरभीच्या डोक्यामागे ठेवला.

लोकांना वाटलं आशीर्वाद. शिळफाट्याकडच्या बायकांना मंगलाष्टकांची भारी हौस. एकीने तीन म्हटली, ते ऐकून दुसरीने चार, मग गौराबाईला राहवेना. मामांच्या हाताला आधी मुंग्या आल्या, मग हात कुणाचा हेच कळेनासं झालं. घामाच्या धारा लागल्या. व्हिडिओवाल्याने कॅमेरा थेट त्यांच्यावर आणला.

"बघा गं," मांडवात एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "मामा असावा तर असा. हात काढला नाय पोरीवरचा."

मामांचा डावा हात तोवर स्वतःच्या खिशात शिरला होता. तिथे फायली बांधायची पांढरी नाडी होती. रिटायर झाले तरी ती खिशात असायचीच. सातव्या की आठव्या मंगलाष्टकात, मोगऱ्याच्या आडून, मामांनी पफच्या बुडाशी चौतीस वर्षांची कचेरीची गाठ डाव्या हाताने आणि उजव्याच्या दोन बोटांनी मारली. ती गाठ आजवर कुणाला सुटलेली नव्हती. अंतरपाट दूर झाला, वाजंत्री वाजली, हार पडले, पाचशे माणसांनी नवरीला डोळे भरून पाहिलं. बिचारी कुणीसुद्धा म्हणालं नाही.

चार दिवसांनी सुरभी आणि स्वप्नील मामाकडे जेवायला आले. भिंतीवर नवीन चौकट लागली होती. केशरचना वर्ग, प्रथम श्रेणी, श्रीमती जयवंता कोंडाजी ठोंबरे. मामा त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे.

जेवणं झाल्यावर स्वप्नील घुटमळत म्हणाला, "मामा, एक काम होतं. मला वेणी शिकवा."

मामा दचकले. "कुणाची?"

"हिची. सकाळी आरशापुढं बसते, हात मागं पोचत नाय. मला काय करायचं कळत नाय."

"तुम्हाला... म्हणजे केसांचं..."

"मामा, मी श्रावणात रोज दवाखान्यात डबा घेऊन जायचो. उशीवर पडलेले मीपण बघितलेत."

मामांचा चेहरा उतरला. "मग मी अर्धा तास हात वर करून कशाला उभा होतो?"

"लोकांसाठी, मामा," स्वप्नील म्हणाला. "तुमचा हात खाली आला असता तर मी पुढून धरणार होतो. तयारीतच होतो. तुमी काढलाच नाय."

 मामांनी घसा खाकरला, चष्मा नाकावर सरकवला आणि पाठ ताठ केली.

"अर्ज आणलाय?" ते म्हणाले. "दोन फोटो? मागची बाजू निळी पायजे."

"अर्ज माझ्याकडं द्यायचा," मामी आतून ओरडली. "सर्टिफिकेट कुणाच्या नावाचं हाय ते बघा आधी!"

सुरभी हसत हसत पाटावर बसली आणि तिने स्कार्फ सोडला. टाळूवर बोटभर नवे केस आले होते, उभे, कोवळे. स्वप्नीलने मागच्या जुन्या, लांब केसांचे तीन भाग वेगळे केले.

"हळू," मामा म्हणाले. "ओढू नका. केसांत हवा राहू द्या."

"मामा, हे तू सांगतोस?" सुरभीने हसून मान वळवली, त्यात तिन्ही पेड सुटले. स्वप्नीलने पुन्हा धरले. बऱ्याच वेळाने एक वेणी झाली, वाकडी, ढिली, शेपटाला सुटत आलेली. मामांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. शेंड्याला स्वतःच्या खिशातली नाडी बांधली, अगदी सैल. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले, आणि मान वर न करता म्हणाले,

"उद्या या. आणि हिला घेऊनच या."